कानातला माणूस गेला तेव्हा: तुमचे अनुभव

गेली सहा वर्षं लोकलमध्ये ऐकत होतो त्या क्रिकेटच्या छोट्याशा पॉडकास्टने मागच्या मंगळवारी गाशा गुंडाळला. दोघं मित्र बोलायचे, बाकी काही नाही. शेवटच्या भागात एकाचा घसा दाटला, तर दुसऱ्याने घाईघाईने रणजीचा विषय काढला. ठाकुर्ली येईपर्यंत माझंही नाक लाल.

ही माझी दुसरी खेप. पहिली २०१७ची. ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राचा ‘फुटबॉल वीकली’ हा पॉडकास्ट आणि त्याचा सूत्रधार जेम्स रिचर्डसन. २००६ पासून हा माणूस तो चालवायचा. त्याआधी नव्वदीत चॅनल फोर या ब्रिटिश टीव्ही वाहिनीवर इटालियन फुटबॉल दाखवायचा: कॅफेतलं टेबल, समोर भलंमोठं आइस्क्रीम आणि हातात गुलाबी ‘गॅझेटा’, म्हणजे तिकडचा खेळांचा पेपर. हे मी नंतर यूट्यूबवर पाहिलं. डोंबिवलीच्या पोराला चॅनल फोर कुठलं! त्याच्या शाब्दिक कोट्या निम्म्या कळायच्या, पण दादर आलं की कळायच्या, म्हणजे वीस मिनिटं उशिरा. मग एकटाच हसायचो आणि समोरचे काका पिशवी जवळ ओढून घ्यायचे.

तो निघाला तेव्हा मी पत्र लिहायला बसलो. इंग्रजीत. पण डोकं मराठीत चालतं ना, त्यामुळे आधी हेच ठरेना की याला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’. मनात तर कायम अरे-तुरे. पत्र राहिलंच. पठ्ठ्याने त्याच ऑगस्टमध्ये ‘टोटली फुटबॉल शो’ हा नवा पॉडकास्ट काढला, म्हणजे माझं सुतक जरा लवकरच फिटलं.

तुमचं असं कुणी होतं का? पॉडकास्टच हवा असं नाही, रेडिओही चालेल. आणि मनातल्या मनात काय म्हणायचात, तेही सांगा.

०००

आमच्याकडे अहो-जाहोच. सातारा, फेब्रुवारी १९८१, मेलबर्नची कसोटी. अण्णा पहाटे उठून शॉर्टवेव्हवर ऑस्ट्रेलिया लावायचे. रेडिओची तांब्याची तार खिडकीतून पेरूच्या झाडाला बांधलेली. आवाज समुद्रासारखा यायचा आणि मागे जायचा. तिथले समालोचक ॲलन मॅकगिल्व्हरे माइकला ओठ लावून, जवळजवळ कुजबुजत बोलायचे, म्हणून अण्णा आम्हालाही कुजबुजायला लावायचे. ऑस्ट्रेलियाला १४३ हव्या होत्या आणि आदल्या संध्याकाळीच ते ३ बाद २४ झाले होते. मांडी दुखावलेला कपिल इंजेक्शन घेऊन आला आणि २८ धावांत ५ बळी घेतले. सगळे ८३ वर गारद! मी वेणी अर्धी घातलेली तशीच शाळेत गेले. इंग्रजी मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. अण्णांच्या भुवयांवरून विकेट कळायची.

मॅकगिल्व्हरे १९८५ साली निवृत्त झाले, तेव्हा अण्णा म्हणाले, “त्यांनी आता विश्रांती घ्यावी.” जणू शेजारचे हेडमास्तरच. रेडिओ ऑस्ट्रेलियाने शॉर्टवेव्हच बंद केलं ते ३१ जानेवारी २०१७ला. अण्णा तोवर नव्हते. तार अजून झाडात आहे, खोडाने गिळून टाकलीय.

०००

बाळ ज. पंडित. ‘ज’ सकट! नावात बाळ, पण आमच्या चाळीत त्यांना एकेरीत कुणी बोललं असतं तर कानाखाली बसली असती. स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेला माणूस आणि आकाशवाणीवर अस्खलित मराठीत क्रिकेट. ‘पायचीत’, ‘त्रिफळा’, ‘यष्टिरक्षक’ हे शब्द आम्ही गल्लीत वापरायचो ते रेडिओ ऐकून. परीक्षेत ‘त्रिफळा’ वापरून वाक्य लिहा म्हटल्यावर मी गावसकरचा उडवला. बाईंना आयुर्वेदिक चूर्ण अपेक्षित होतं. पंडित २०१५ मध्ये गेले. पेपरात बातमी वाचली आणि आधी आठवली ती ही परीक्षा.

०००

लीड्सहून लिहितेय. बीबीसी रेडिओचं कसोटी समालोचन, ‘टेस्ट मॅच स्पेशल’, अजून आहे, पण माझा निरोप लाँगवेव्हला होता. १९८ किलोहर्ट्झ. स्वयंपाकघरातला रेडिओ दुसरीकडे कधी फिरवलाच नाही. गंमत म्हणजे दुपारी १२ वाजून १ मिनिटाने आणि संध्याकाळी ५ वाजून ५४ मिनिटांनी सामना मध्येच सोडून समुद्राचं हवामान सांगायचे. डॉगर, फिशर, जर्मन बाइट, अशी समुद्राच्या भागांची नावं. सासरे नाशिकहून आले होते, हेडिंग्लीची कसोटी चालू होती. मन लावून ऐकता ऐकता विचारतात, “हा डॉगर कितव्या नंबरला येतो गं?” तेव्हापासून घरात कुठलाही अनोळखी बॅट्समन डॉगरच.

लाँगवेव्हवरचा शेवटचा दिवस ३१ जुलै २०२३, ओव्हल, ॲशेस. त्याच दिवशी इंग्लंडचा गोलंदाज स्टुअर्ट ब्रॉड याच्या कारकिर्दीचाही शेवट, आणि त्याने कारकिर्दीतल्या शेवटच्या चेंडूवर विकेट काढली. इंग्लंड ४९ धावांनी जिंकलं. मी पोळ्या लाटत होते. आता ऑनलाइन ऐकते, पण तिथे विकेट बऱ्याच सेकंदांनी पडते. तोवर शेजारच्या बागेतून आरोळी आलेली असते.

०००

मी सगळं दीडपट वेगाने ऐकतो. एकदा चुकून नेहमीच्या वेगाने लागलं, तर वाटलं बिचारा आजारी आहे. निरोप कुणाला देऊ?

०००

‘द सायकलिंग पॉडकास्ट’. २०१३ पासूनचा. बोलणारे तिघं: रिचर्ड मूर, लायनेल बर्नी, डॅनियल फ्रीब. टूर द फ्रान्सची स्टेज आपल्याकडे रात्री संपायची. भाग मध्यरात्रीनंतर यायचा आणि मी पहाटे तो घेऊन सिंहगडाकडे निघायचो. एकाच कानात, दुसरा डंपरसाठी मोकळा. मूर स्वतः १९९८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्कॉटलंडकडून सायकल चालवलेला, त्यामुळे घाटात दम लागतो म्हणजे नेमकं काय होतं हे त्याला सांगावं लागत नसे. त्याला मी ‘अरे’च म्हणायचो, चढावर मोठ्याने.

मार्च २०२२ मध्ये तो अचानक गेला. पन्नाशीही गाठली नव्हती. डोणज्याच्या टपरीवर चहा सांगितला आणि फोनवर बातमी दिसली. बरोबरच्याने विचारलं, “कोण गेलं?” काय सांगणार? “ओळखीचे होते,” म्हणालो. होते! आयुष्यात पहिल्यांदा त्याला ‘होते’ म्हटलं. त्याच्या सोबत्यांनी पॉडकास्ट चालू ठेवलाय, मीही ऐकतो. त्या दिवशी मात्र वर गेलो नाही, तिथूनच वळलो.

०००

मी ऐकणारी नाही, ऐकवणाऱ्याची आई. मुलगा आणि त्याचा मित्र कबड्डीवर मराठीत पॉडकास्ट करायचे. कपाट उघडायचे, दारावर माझ्या दोन गोधड्या टाकायचे आणि आत तोंड घालून बोलायचे. बाहेरून नुसते चार पाय दिसायचे. तासभर पंखा बंद, मिक्सर बंद, कुकर तर नावच नको. तरी बाराव्या भागात तीन शिट्ट्या आल्यात. मी विसरले होते. मुलगा चिडला, मित्र म्हणाला, “राहू दे रे, काकूंनी टाइमआउट घेतलाय.”

एकतीस भाग झाले. ऐकणारे किती होते विचारलं की दोघंही विषय बदलायचे. मग मित्राला बंगळुरात नोकरी लागली आणि शेवटचा भाग फोनवरूनच केला. त्यात त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, गोधड्यांचेसुद्धा.

आता कुकर कधीही लावते. परवा डाळ शिजत होती, दुसरी शिट्टी झाली आणि मी गॅस बंद करून आत बघायला गेले. कपाट बंद होतं. डाळ कच्चीच राहिली, परत लावावी लागली.