'चकमक झडली' ते 'चकमक केली'

नव्वदच्या दशकातल्या मुंबईच्या मराठी वर्तमानपत्रांवर एकाच शब्दाचा शिक्का मारायचा झाला तर माझं मत 'चकमक'ला. 'टोळीयुद्ध' आणि 'खंडणी' हेही होतेच, पण त्यांचा अर्थ जागेवर राहिला. 'चकमक'चं व्याकरणच हललं.

शब्द मूळचा तुर्की. गारगोटीवर पोलाद आपटून ठिणगी पाडायची, ती चकमक. ठिणगीला दोन वस्तू लागतात, म्हणून लढाईच्या अर्थानेही चकमकीला दोन पक्ष हवेत. 'अमक्यांत आणि तमक्यांत चकमक झडली', 'उडाली', फार तर 'झाली'. सभागृहात सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात शाब्दिक चकमक होते तीही याच हिशेबाने. एकट्याने चकमक करता येत नाही.

११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याला गुंड मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुंबईतल्या चकमकींचा इतिहास सांगताना सगळे तिथूनच सुरुवात करतात. १६ नोव्हेंबर १९९१ ला लोखंडवाला संकुलात माया डोळस आणि त्याच्या साथीदारांना घेरून पोलिसांनी भरदिवसा कित्येक तास गोळीबार केला, तेव्हा 'झडली' हे क्रियापद शोभून दिसलं. पुढे पुढे मात्र बातमी साच्यातून काढल्यासारखी येऊ लागली. अमुक गुंड अमुक ठिकाणी येणार असल्याची खबर मिळाली, सापळा रचला, शरण येण्याचे आवाहन केले, त्याने गोळीबार केला, स्वसंरक्षणार्थ केलेल्या गोळीबारात तो जखमी झाला, रुग्णालयात दाखल करण्यापूर्वीच मृत्यू. नाव आणि उपनगर बदललं की दुसऱ्या दिवशीची बातमी तयार. मथळा 'चकमकीत गुंड ठार'. हे 'चकमकीत' अव्वल सोयीचं: कोणी मारलं ते सांगावंच लागत नाही. बातमीदाराला आवेश आला तर 'कंठस्नान' किंवा 'यमसदनी' यायचं. कंठस्नान म्हणजे गळा चिरून रक्ताची आंघोळ. पिस्तुलाच्या गोळीने ते कसं घालतात, हे विचारायला उपसंपादकाला सवड नसावी.

मग क्रियापद सरकलं. अधिकारी 'चकमकी करू' लागले, त्यांच्या 'नावावर' चकमकी जमा होऊ लागल्या, फलंदाजाच्या नावावर शतकं असावीत तशा. पाठोपाठ 'चकमकफेम' आला. हा 'फेम' मनोरंजनाच्या पानावरचा, 'अमुक मालिका फेम' अभिनेत्रीच्या शेजारचा. तो गुन्हेवृत्ताच्या पानावर येऊन पोलीस निरीक्षकाला चिकटला, आणि फारसं कुणाला खटकलं नाही.

त्याच पानावर टोळीवाल्यांनी माणूस मारला तर तो 'गेम'. 'त्याचा गेम केला'. इथे षष्ठी बघा: त्याचा खून केला, त्याचा काटा काढला, त्याचा गेम केला. मेलेला माणूस षष्ठीत. 'चकमक'ने 'करणे' पत्करलं, पण ही षष्ठी काही पत्करली नाही. 'त्याची चकमक केली' असं मराठी माणसाच्या तोंडून येत नाही, जीभ अडते. बोलण्यात 'एन्काउंटर'ने बाजी मारली ती माझ्या मते इथेच. 'त्याचा एन्काउंटर केला' बिनदिक्कत म्हणता येतं. म्हणजे बोलणाऱ्यांनी तो शब्द खून आणि गेम यांच्याच रांगेत बसवला, इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता 'गाठ पडणे' असला तरी. छापील भाषा दोन पक्षांचा आव आणत असताना नाक्यावरचं व्याकरण काय ते सांगून मोकळं झालं होतं.

'बनावट चकमक' हा जोडशब्द मुख्यतः न्यायालयीन बातम्यांतून रुळला. १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींचा आणि त्यांतल्या सुमारे १३५ मृत्यूंचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २३ सप्टेंबर २०१४ च्या निकालात न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूच्या तपासासाठी नियम घालून दिले. २००६ मध्ये बनावट चकमकीत मारल्या गेलेल्या लखनभैयाच्या प्रकरणात तर पोलिसांनाच जन्मठेप झाली. तेव्हा कुठे 'कथित' हे विशेषण आणि अवतरणचिन्हं चकमकीला नेमाने लागू लागली. नव्वदच्या दशकात ती लागली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' हे दोन शब्द काही फार जागा खात नाहीत.

जुना अर्थ गडचिरोलीच्या बातम्यांत टिकून आहे. तिथे 'जवान आणि नक्षलवादी यांच्यात चकमक उडाली' असंच छापून येतं, दोन्ही बाजूंची नावं आणि 'उडाली' हे क्रियापद धरून.

मुंबईकडे शब्द उतरणीलाच लागला. २३ सप्टेंबर २०२४ रोजी, त्या निकालाला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. वाहिन्यांवर आणि मथळ्यांत 'एन्काउंटर'च गाजत होता, तोही षष्ठीसकट.