साठ डॉलरची छडी घेणारे आम्ही मूर्ख?

नारळीभात (न्यू जर्सी)

परवा सहलीच्या खर्चावर चर्चा चालली होती. तिथे एकांनी लिहिलं, "ऑर्लँडोला जाऊन साठ डॉलरची प्लास्टिकची काठी घेणारे आईबाप एकतर मूर्ख, नाहीतर माजलेले." दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा काढते.

आम्ही घेतली. एक नाही, दोन घेतल्या. पुन्हा गेलो तर त्याच घेऊन जाऊ, कारण पुढच्या खेपेलाही त्या चालतात.

ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल थीम पार्कात हॅरी पॉटरचा भाग आहे, तिथे ती जादूची छडी शोकेसमध्ये ठेवण्यासाठी नसते. जमिनीत पितळी चकत्या बसवल्यात, छडी कशी फिरवायची ते त्यांवर कोरलंय. तिथे उभं राहून तशी फिरवली की दुकानाच्या खिडकीतलं काहीतरी हलतं, टांगलेल्या छत्रीतून पाणी पडतं. आठ वर्षांची लेक राइडच्या रांगेत सव्वा तास रडकुंडीला आली होती, आणि राइड संपली पाच मिनिटांत. छडी घेऊन मात्र दोन दिवस हिंडत होती. नकाशावरची एकेक जागा शोधून काढली, जमेना तिथे दहा-दहा वेळा हात फिरवला.

सासूबाई ७१ वर्षांच्या. गुडघ्यांमुळे एकाही राइडमध्ये बसल्या नाहीत, बाकावर पर्स सांभाळत बसायच्या. लेकीने छडी त्यांच्या हातात दिली. तिसऱ्या प्रयत्नात कारंज्यातल्या जलपरीने पाणी उडवलं आणि त्या ओरडल्या, "अगं, माझ्याच्याने झालं!" तेवढ्या सहलीत त्यांनी स्वतः केलेली ती एकच गोष्ट. तिची किंमत मला कुणी शिकवू नये.

हिशोबनीस (ठाणे)

ते वाक्य माझं. मागे घेत नाही.

माणशी शंभर डॉलरच्या वर तिकीट काढून आत गेलात. म्हणजे त्या खिडक्यांचे, छत्रीचे, कारंज्याचे पैसे तुम्ही दारातच भरलेत. तरीही छडी घेतल्याशिवाय त्या तुमच्यासाठी हलणार नाहीत. हे आतलं दुसरं तिकीट आहे, आणि तिकीटच असेल तर ते दारावर लिहा.

ऑलिव्हँडर्स या तिथल्या छड्यांच्या दुकानातला खेळ बघा. गर्दीतून एक मूल निवडतात, दिवे लागतात, संगीत वाजतं, "छडीने तुला निवडलं" म्हणतात. मग बाहेर गल्ल्यावर त्याच छडीचे पैसे. सहा वर्षांच्या पोराला त्या क्षणी नाही म्हणणारा बाप दाखवा मला.

आणि हे एकाच पार्कचं नाही. डिस्नेने फ्लोरिडात २०१३ साली मॅजिकबँड, म्हणजे तिकिटाचं काम करणारा मनगटाचा पट्टा, आणला तेव्हा त्यांच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना तो फुकट होता. २०२१ पासून फुकट देणं बंद. २०२२ मध्ये मॅजिकबँड प्लस आला, सुरुवातच ३५ डॉलरपासून. आधी सवय लावायची, मग किंमत लावायची.

तांबडीमाती (बंगळुरू)

इंजिनिअर म्हणून एक मुद्दा. तुम्ही दोघेही सगळ्या वस्तू एकाच मापाने मोजताय.

२०१४ साली आलेल्या त्या छडीत बॅटरी नाही. टोकावर परावर्तक मणी आहे, बस. खिडकीतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश येतो, मणी तो परत फेकतो आणि तिथला कॅमेरा टोकाचा प्रवास टिपतो. सगळी अक्कल खिडकीत आहे, छडी मुकी आहे. म्हणूनच ती वीस वर्षांनीही चालू शकते. उन्हातही अवरक्त किरण असतात, त्यामुळे भर दुपारी डोकं फोडण्यापेक्षा सावलीतल्या खिडक्या आधी करा.

मी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि अवरक्त कॅमेरा जोडून घरी टेबललॅम्पला तीच छडी लावली आहे. पुतण्या रोज लावतो-विझवतो. हौशी मंडळींनी असे बरेच प्रयोग केलेत.

२०२५ च्या मे महिन्यात ऑर्लँडोत युनिव्हर्सलचं नवं पार्क, एपिक युनिव्हर्स, उघडलं. तिथली नवी छडी थरथरते, उजळते, किंमत ८५ डॉलर. आत इलेक्ट्रॉनिक्स आलं की आयुष्य मोजकं झालं. त्या छडीबद्दल मी हिशोबनीसांच्या बाजूने.

वडाचीसाल (नाशिक)

साठ डॉलर म्हणजे पाच हजारांच्या वर! आमच्याकडे शेतमजुराचे दहा दिवस आणि तुम्ही काठी फिरवताय. परदेशात गेलं की माणसाला गुणाकार आठवत नाही.

नारळीभात

आम्ही घरभाडं डॉलरमध्ये भरतो, डॉक्टरला डॉलरमध्ये देतो. पगार मोजताना तुम्ही गुणाकार करता, खर्च मोजतानाही करता. कर आणि विमा वजा करताना का नाही करत?

वडाचीसाल

कारण तुम्ही इथे आलात की रिक्षावाल्याशी वीस रुपयांसाठी भांडता, म्हणून!

शेवंता_७२ (सध्या मुलाकडे, टेक्सास)

गुणाकारावर हसू नका आणि चिडूही नका. आमच्या यजमानांची गोष्ट सांगते. मागच्या उन्हाळ्यात मुलाने आम्हाला एका पार्कात नेलं. पार्कचं नाव घेत नाही. पाण्याची बाटली पाच डॉलरची. यांनी मनात गुणाकार केला, चारशे पंचवीस. मग दिवसभर "तहान नाही" म्हणत राहिले. चार वाजता चक्कर येऊन खाली बसले. मुलगा रडला हो. म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठीच कमावतो ना मी?" यांनी फक्त मान खाली घातली. आयुष्यभर मोजून खर्च केला म्हणून मुलगा तिथे पोचला. ती सवय विमानतळावर काढून ठेवता येत नाही.

तांबडीमाती

काकू, वाचून वाईट वाटलं. डिस्ने आणि युनिव्हर्सल दोन्हीकडे खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी कपात फुकट मिळतं. बाटली घ्यायची गरजच नाही, बरोबरची बाटलीही आत नेता येते.

हिशोबनीस

हेच तर मी म्हणतोय! फुकट पाण्याची पाटी कुठेही दिसत नाही. छडीची मात्र दहा दुकानं दिसतात.

सुपारी (ओसाका)

इथलंही ऐका. २०२१ मध्ये इथल्या युनिव्हर्सलमध्ये सुपर निन्टेंडो वर्ल्ड हा व्हिडिओ गेमवरचा भाग उघडला तेव्हा मनगटाचा पॉवर-अप बँड ३,२०० येनला होता. तो अ‍ॅपला जोडायचा, मग ठोकळे बडवून नाणी जमतात, छोटे खेळ जिंकून तीन किल्ल्या मिळतात. किल्ल्या पट्ट्यावर नोंदल्या जातात. पट्टा नसेल तर शेवटच्या लढाईत जाताच येत नाही.

आमची दोन मुलं. पैसे वाचवायला मी एकच पट्टा घेतला. किल्ल्या कुणाच्या, यावरून दोघांत अशी मारामारी झाली की धाकटीने थोरल्याच्या दंडाला चावा घेतला. मी तासाभरात दुसरा घेतला. छडी हातातून हातात फिरते, पट्टा फिरत नाही. माझा राग किमतीपेक्षा या रचनेवर आहे.

हिशोबनीस

सुपारींनी माझंच म्हणणं चाव्यासकट सिद्ध केलं.

नारळीभात

नाही केलं. त्यांनी हे दाखवलं की वाटून वापरता येते ती वस्तू वेगळी आणि माणशी विकत घ्यावी लागते ती वेगळी. आमच्या दोन छड्या पाच जणांनी वापरल्या. ऑलिव्हँडर्सबद्दल तुम्ही बरोबर आहात, तिथे मुलांना पुढे करून पैसे काढतात, हे मान्य करते. आम्ही तो खेळ न बघता सरळ गल्ल्यावर गेलो. पण तुम्ही पार्कला बोला. आईबापांना मूर्ख का म्हणता?

हिशोबनीस

ठीक. "मूर्ख" काढतो. "माजलेले" पण काढतो, कारण शेवंताकाकूंचा मुलगा माजलेला नाही हे उघड आहे. तुमच्या सासूबाईंचं मला पटलं, ज्यांना राइड झेपत नाही त्यांना तिथे करायला दुसरं काही ठेवलेलंच नसतं. पण एवढ्यावरून साठ डॉलर रास्त आहेत असं मी म्हणणार नाही. तेच पैसे तिकिटात मिळवा आणि दारात प्रत्येक मुलाच्या हातात छडी द्या, मी एक शब्द बोलणार नाही.

वडाचीसाल

रिक्षाचं जरा जास्त बोललो, नारळीभातताई. भाची तिकडेच आहे, नोव्हेंबरात आईला बोलावलंय. आई पण गुणाकार करते. ते फुकट पाणी मागताना नेमकं काय म्हणायचं ते लिहा कुणीतरी. तिला इंग्रजी येत नाही, कागदावर देवनागरीत लिहून देतो.

तांबडीमाती

"कप ऑफ आइस वॉटर, प्लीज." पैसे मागत नाहीत. बर्फ नको असेल तर "नो आइस" जोडा.

शेवंता_७२

मलाही हवं होतं हे. यांच्या खिशात ठेवते.