मदत हवी आहे: बाबांचं लिव्हिंग विल आणि 'सीपीआर नको' हा निर्णय

बाबा ८४ वर्षांचे, फुप्फुसाचा जुना आजार. मागच्या महिन्यात आयसीयूतून घरी आले आणि म्हणाले, "पुन्हा ती नळी घशात नको." शुद्धीत, स्पष्ट बोलतात.

मी वाचलंय ते असं: सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला (पुढे स्वतः सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद) मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला अटी सोप्या केल्या. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. पूर्वी मॅजिस्ट्रेटची सही लागायची, म्हणजे कोण करणार होतं! उपचार थांबवताना मात्र डॉक्टरांची दोन मंडळं लागतात. सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न) न करण्याबद्दल आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या मार्गदर्शक सूचना वेगळ्या आहेत.

आमच्या इथल्या हॉस्पिटलने "असा फॉर्म आमच्याकडे नसतो" म्हणून हात झटकले.

पुण्यात कुणी हे केलंय का? नोटरी घरी येतात का, बाबांना जिना उतरवत नाही. महापालिकेत लिव्हिंग विलची प्रत नेमकी कुठे द्यायची? आणि रात्री दोनला ॲम्ब्युलन्स बोलावली तर हा कागद कोण बघतं? ताई अजून तयार नाही, तिला कसं समजावलंत तेही सांगा.