आफ्रिकेत राहताय? वर्गणी, देणगी, आहेर आणि पुढारी: तुमचे अनुभव लिहा

तिथल्या देण्याघेण्याच्या रीतींत राजकारणी कसे शिरले आणि आता लोक त्याचं काय करताहेत, ते लिहा. बातम्यांचे उतारे नकोत, डोळ्यांसमोरचं हवं.

नैरोबीहून (केनिया):
इथे 'हरांबे' म्हणजे सगळ्यांनी मिळून भार उचलणं. 1963 मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर देशाचे पहिले पंतप्रधान जोमो केन्याटांनी त्याची राष्ट्रीय हाक केली, आणि गावोगावच्या कितीतरी शाळा त्यातूनच उभ्या राहिल्या. मी मुरांगाकडे एका शाळेच्या हरांबेला गेले होते. म्हाताऱ्या बायका रुमालाच्या गाठीतून पन्नास शिलिंग काढत होत्या. कुणी कोंबडी आणली, तिचा तिथेच लिलाव झाला. मग दोन तास उशिरा आमदारसाहेब आले. माइकवरून लाखाचा आकडा जाहीर, टाळ्या, फोटो. एवढा पैसा येतो कुठून, हे विचारायची पद्धत नाही. पदाच्या जोरावर वर्गणी गोळा करायला 2003 च्या कायद्याने मनाई केली, पण रविवारच्या चर्चमधले पुढाऱ्यांचे लिफाफे काही थांबले नाहीत. (आपल्या मंडपाबाहेरचे बॅनर आठवले ना?)

नैरोबीहूनच, वय 26:
ताई, 2024 चं लिहायचं राहिलं. जूनमध्ये करवाढीविरुद्ध आमच्या वयाची पोरं संसदेत घुसली, गोळीबारात माणसं गेली. त्या दिवसांत ऑफिसमधल्या मुली उघड म्हणायच्या, 'चर्चमध्ये पुढाऱ्याच्या हाती माइक कशाला?' जुलैत राष्ट्राध्यक्ष रुटोंनी सरकारी पदाधिकाऱ्यांना हरांबेत भाग घ्यायला बंदी जाहीर केली. नोव्हेंबरात तर नैरोबीच्या कॅथलिक आर्चबिशपांनी खुद्द रुटोंचीच देणगी परत करायला लावली. आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, 'पाद्रीबाबांचं घर मग कोण बांधणार?' त्यांचंही खोटं नाही.

लागोसहून (नायजेरिया):
इथे लग्नात नाचणाऱ्यांवर नोटा उधळतात. हॉलच्या दारातच कोऱ्या नोटांची बंडलं जादा पैसे घेऊन विकतात, आणि नवरीची मैत्रीण पिशवी घेऊन खाली वाकून वेचत असते. 2007 च्या कायद्याने हा गुन्हा आहे. एप्रिल 2024 मध्ये बॉब्रिस्की या प्रसिद्ध व्यक्तीला यासाठी सहा महिन्यांची कैद झाली. माझ्या सहकाऱ्याच्या लग्नात सगळे दबकूनच होते. नोटा उधळल्या त्या फक्त एका पुढाऱ्याच्या भावाने. त्याला कोण हटकणार?

किसुमूहून (केनिया):
आमच्याकडे अंत्यविधीची वर्गणी आता एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सोयीवर. व्हॉट्सअ‍ॅप गटात खजिनदार रोज रात्री नावानिशी यादी टाकतो. रुटोंच्या हरांबे-बंदीनंतरच्या एका यादीत होतं: 'एक हितचिंतक, 50,000'. कोण ते सगळ्यांना ठाऊक, पैसे मात्र कुणी परत केले नाहीत.