सोलर बोट: मोटर केवढी, शाफ्टला सील कुठलं?

गोदाकाठ
अंबडच्या शेडमध्ये अडीच मीटरची विनाचालक बोट बांधतोय. पुढे अरबी समुद्र ओलांडायचा आहे. थर्मोकोलवर फायबर, १०० वॉटची दोन पॅनेल, १२.८ व्होल्ट १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. मोटर २५० वॉटची घेऊ का? पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे ऑइल सील चालेल?

सातपूरकर
२५० वॉट नकोच. पॅनेल आडवी, वर मीठ साचतं, त्यात ढग. दिवसाला ५०० वॉट-तास मिळाले तरी खूप. म्हणजे चोवीस तासांची सरासरी २० वॉट. वेग दुप्पट करायला शक्ती जवळपास आठपट लागते, तेव्हा सावकाशच चालवा. बॅटरीचा ८० टक्के वापर धरला तर दोन दिवस ऊन नसलं तरी निभावेल.
थर्मोकोलवर पॉलिएस्टर रेझिन लावू नका, गाभा विरघळतो. इपॉक्सीच घ्या.

खारा वारा
ऑइल सील अजिबात नको. मिठाने ओठ झिजतो, आधी थेंब, मग धार. चुंबकी कपलिंग करा: आत मोटरवर निओडिमियम चुंबकांची चकती, बाहेर पंख्यावर तशीच, मध्ये डेलरिनची (टणक प्लॅस्टिकची) वाटी. बोटीच्या सांगाड्याला भोकच नाही. वाटी धातूची केलीत तर फिरत्या चुंबकांमुळे तिच्यात वीजप्रवाह (एडी करंट) तयार होऊन शक्ती वाया जाते. कंपास मात्र दूर, नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाला) बसवा, नाहीतर दिशा चुकेल.
खरी काळजी सुकाणूची. सीचार्जर ही विनाचालक सोलर बोट २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाहून हवाईला पोचली, पण पुढे न्यूझीलंडच्या वाटेवर तिचं सुकाणूच निकामी झालं. लाटा त्याला रात्रंदिवस हिसके देतात. सर्व्होचे (सुकाणू वळवणाऱ्या मोटरचे) गिअर धातूचे घ्या, आणि दिशा दहा अंश चुकेपर्यंत त्याला हलवूच नका.

सातपूरकर
मी तर सुकाणूच काढून टाकेन. दोन छोट्या मोटर दोन बाजूंना. एक हळू केली की बोट वळते.

खारा वारा
वळेल, पण एकीत जाळं अडकलं की गोल गोल फिरत बसेल. दोन मोटर ठेवा, सुकाणूही ठेवा.

गोदाकाठ
चाचणी गंगापूर धरणात चालेल ना?

सातपूरकर
जलसंपदा विभागाची परवानगी घेऊन. तिथे बोट मुद्दाम उलटी करा. तळाला वजन म्हणून लावलेल्या शिशाने ती आपोआप सरळ झालीच पाहिजे. पण गोड्या पाण्यात गंज कळत नाही. ५० लिटरच्या ड्रममध्ये पावणेदोन किलो मीठ घालून मोटर महिनाभर चालवा.
आणि उपग्रहावरून संपर्क ठेवणारा इरिडियम मोडेम मागवण्याआधी दूरसंचार विभागाची परवानगी घ्या. भारतात त्याशिवाय वापरता येत नाही.