मदत हवी आहे: 'बेसिक इन्स्टिंक्ट'वर चारचौघांत कसं बोलावं?

नमस्कार मंडळी,

आमचा इंदूरला रामबागेत सिनेमावर गप्पा मारणारा छोटा गट आहे. या खेपेचा विषय 'पुरस्कार आणि समीक्षक'. चिठ्ठ्या काढल्या, तर माझ्या वाट्याला नेमका 'बेसिक इन्स्टिंक्ट' (१९९२) हा हॉलिवूडचा कामुक थरारपट आला. समोर कॉलेजातली पोरं असतात, तशाच सत्तरीच्या काकूही.

पुरस्कारांचं प्रकरण भलतंच रंजक आहे. नायिका शॅरन स्टोनला गोल्डन ग्लोबमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन, आणि तिकडे रॅझीवाल्यांनी (वाईट सिनेमांना थट्टेनं पुरस्कार देणारी मंडळी) पोलीस चौकशीत पायावर पाय टाकताना तिचं अंग उघडं दिसतं त्या दृश्यावरून खिल्ली उडवत तिला 'वर्स्ट न्यू स्टार'च्या यादीत बसवलं! नायक मायकल डग्लसही रॅझीच्या यादीत होताच. ऑस्करची दोन नामांकनं: संकलन आणि जेरी गोल्डस्मिथचं संगीत. संकलनाचं 'अनफर्गिव्हन'नं नेलं, संगीताचं 'अलादीन'नं. कान महोत्सवाचा पडदाही त्या वर्षी याच सिनेमानं उघडला, त्यामुळे 'टुकार' म्हणून हात झटकता येत नाहीत. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये समीक्षक जॅनेट मॅस्लिननं थरारपटांचा उस्ताद हिचकॉकची आठवण काढली. समीक्षक रॉजर एबर्टनं मात्र चारपैकी दोनच तारे दिले. (मी अडीच दिले असते. शेवट मला पटत नाही.)

खरी अडचण वादाची आहे. सॅन फ्रान्सिस्कोत चित्रीकरण चालू असतानाच समलिंगी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी निदर्शनं केली होती. बाईवर प्रेम करणारी बाई पडद्यावर आली की ती खुनीच का, हा त्यांचा सवाल. मला तो आजही रास्त वाटतो. शिवाय चौकशीचं ते दृश्य घेताना आपल्याला अंधारात ठेवलं, असं शॅरन स्टोननं २०२१च्या आत्मचरित्रात लिहिलंय. दिग्दर्शक पॉल व्हरहोवेन ते नाकारतो. समीक्षकांनी वाखाणलेल्या अभिनयाबद्दल बोलताना हे गाळणं मला जमणार नाही.

तर जाणकारांना दोन प्रश्न:

एक, दृश्यं अजिबात न दाखवता गोल्डस्मिथचं सुरुवातीचं संगीत ऐकवून सुरुवात केली तर? त्या तंतुवाद्यांत मोह आणि धोका दोन्ही आहे. पण पोरं म्हणतील, काकूंना घाबरून पळवाट काढली.

दोन, निदर्शनांचा भाग आधी घ्यावा की पुरस्कारांनंतर? आधी घेतला तर सगळे तिथेच भांडत बसतील, नंतर घेतला तर उरकल्यासारखं वाटेल. बोलायला वीसच मिनिटं आहेत.

बैठक रविवारी संध्याकाळी आहे, तेव्हा शनिवारपर्यंत सांगा. आणि 'दुसरा सिनेमा घ्या' हा सल्ला घरून मिळून झालाय.