मदत हवी आहे: ब्राझीलचे सार्वकालिक अकरा कोण?

नमस्कार मंडळी. शहापुरात आमच्या गल्लीतली पोरं ब्राझीलच्या सर्वकालीन अकरा खेळाडूंचा फ्लेक्स करायला निघालीत. बेळगावात फ्लेक्स म्हटला की वाद आलाच, पण हा निदान फुटबॉलचा आहे.

पेले आणि गॅरिंचावर एकमत आहे. १९६२ च्या वर्ल्ड कपला पेले दुसऱ्याच सामन्यात जखमी झाला, तरी गॅरिंचाने कप आणून दिला; त्याला कोण काढणार? रोनाल्डोही पक्का, २००२ चे आठ गोल पुरेत.

खरी भांडणं राईट बॅकवर, म्हणजे उजव्या बाजूच्या बचावपटूवर. आमचे काका म्हणतात, कार्लोस अल्बर्तोच. १९७० च्या फायनलला इटलीविरुद्धचा चौथा गोल आठवा: पेलेने न बघताच चेंडू उजवीकडे सरकवला आणि हा मागून पळत येऊन हाणला. पोरं म्हणतात काफू, वर्ल्ड कपच्या सलग तीन फायनल खेळलेला एकमेव माणूस. मला दोघंही पटतात, म्हणून घोळ. एकाला लेफ्ट बॅकला टाकावं तर तिथं निल्टन सांतोस आणि रॉबर्टो कार्लोस आधीच भांडताहेत!

गोलकीपरचंही सांगा. दोन कप जिंकलेला जिल्मार, की पेनल्टी अडवणारा ताफारेल?

आणि झिको, सॉक्रेटिसला कप नाही म्हणून बाहेर ठेवायचं का? माझ्या मते हा शुद्ध अन्याय आहे. कारणासकट नावं लिहा, नुसतं 'पेले ग्रेट' नको. शनिवारी डिझाईन छापायला द्यायचंय.